पदराच्या चुणीतली कुसुम

११ जानेवारी १९९४
अन्नछत्राचे मॅनेजर तिवारीजी स्टुडिओत आले. छत्रात जेवणाऱ्या विधवांचे पास दाखवले. मेलेल्या बाईच्या पासावरचा फोटो उचकटून दुसरीचा चिकटवतात. शिक्का काय, कुणीही करून देतो. म्हणाले, "दीदी, फोटो में ही कुछ ऐसा डालिए जो बस आप जानें और हम।" स्टुडिओ वडिलांचा; अप्पा असते तर हसले असते. मी हो म्हटलं. दूधविनायकाच्या गलीत हल्ली फोटो काढायला येतं कोण?

१५ जाने.
चार दिवस डार्करूम. आधी मंदिराचा कळस घालून पाहिला, लगेच दिसतो. मग फोटोतल्या बाईच्या पांढऱ्या पदराच्या चुणीत तांदळाएवढा चेहरा, अगदी फिका. नुसत्या डोळ्याला सावली वाटते, भिंग धरलं की चेहरा. जमलं. निगेटिव्ह कुसुमची. हाताशी आली म्हणून घेतली.
खोटं. पेटीच्या तळातून शोधून काढली.

१६ जाने.
कुसुम पाण्यात गेली तेव्हा अकराची, मी सोळाची. अहिल्याबाई घाटावर आई म्हणाली होती, धाकटीचा हात सोडू नकोस. बत्तीस वर्षं झाली. घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. आता घेणारं कुणी उरलंही नाही.
तिवारीजींना सांगितलं, कुठल्या तरी मुलीचा जुना फोटो आहे.

२ फेब्रु.
रोज वीस-पंचवीस बायका. ताठ बसतात, श्वास धरून. एकीने विचारलं, "हसलं तर चालतं का?" चालतं म्हटलं, तर रडायलाच लागली.
ट्रेमध्ये कागद बुडवला की बाईचा चेहरा वर येतो. मी त्याच्याकडे बघतच नाही. चुणीकडे बघते. पाण्यातून कुसुम वर येते. प्रत्येक वेळी. दोन प्रिंट वाया.

१९ मार्च
पहिली चोरी पकडली. तिवारीजींनी मला बोलावून भिंग हातात दिलं. फोटोत कुसुम नव्हती. "नाही" म्हटलं. मग मान वर केली तर समोर मंगला गौरीजवळच्या गोदाबाई. आपल्या मराठीतल्याच, सत्तरीच्या. खोलीतल्या मेलेल्या सोबतिणीचा पास.
"नावं लिहून घेतली तेव्हा मी तापात पडले होते गं. मग म्हणाले, यादी बंद झाली."
छत्रवाल्यांनी त्यांचं ताट उचलून घेतलं. अर्धा भात तसाच. त्या उठून हात धुवायला गेल्या.

२० मार्च
गोदाबाईंकडे जाऊन यायला हवं. डबा घेऊन. उद्या.

२७ मार्च
नाही गेले. काय तोंड दाखवू.

५ एप्रिल
गेले. खोलीत दोघी म्हाताऱ्या, शांताबाई आणि यमुनाबाई. गोदाबाई परवा गेल्या. ताप. शांताबाई म्हणाल्या, "आम्ही आमच्यातलं देत होतो, पण ती घेईना. चोर म्हणाले ना तिला." मी कोण ते सांगितलं नाही. डबा तिथेच ठेवून आले.
परतताना अहिल्याबाई घाटावरून आले नाही, वरच्या गलीने आले. बत्तीस वर्षं तशीच जाते.

६ एप्रिल
तिवारीजींना म्हटलं, राहिलेल्या बायकांची नावं यादीत घाला. "सूची ट्रस्टी बनाते हैं, दीदी। हम तो नौकर हैं।" वाईट माणूस नाही. डोळे खाली होते.
घरी येऊन निगेटिव्ह जाळायला घेतली. काडी पेटवली, विझवली. तिचं एवढंच उरलंय.

११ एप्रिल
दुपारी शांताबाई, यमुनाबाई आल्या. बरोबर दोन तरुण विधवा, सांगलीकडच्या, गावी परत जायची सोय नाही. पदराखालून दोन पास काढले. मेलेल्यांचे. शांताबाई म्हणाल्या, "तुझा फोटो असला की पकडत नाहीत म्हणे."
म्हणजे त्यांना कळलं होतं मी कोण. त्या दिवशीच कळलं असणार.
"गोदाबाई काही म्हणाल्या का माझ्याबद्दल?" विचारलंच.
"नाही. तुझं नाव नाही घेतलं."
दोघींना स्टुलावर बसवलं. धाकटी विशीची असेल. फोटो काढले, लगेच धुतले. चुणीत कुसुम घातली, दोन्हींत. आज एकही प्रिंट वाया नाही.

१२ एप्रिल
सकाळी दोघी फोटो घेऊन गेल्या. त्यांच्यामागोमाग तिवारीजींचा निरोप: उद्या सगळ्या पासांची तपासणी, तुम्हीही या. दोघींच्या पासांवर नावं मेलेल्यांचीच आहेत; ती ते कुठे लिहून ठेवतात का, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.