कोऱ्या नाण्याची ओपन डिलिव्हरी

अप्पा, आज मी एक नाणं परत पाठवलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण नाण्याच्या बाबतीत इतका कीस काढणारं आपल्या घरात तुमच्यानंतर मीच, आणि तुम्हीही तो आयुष्यात एकदाच काढला होता.

तुमची नात पुढच्या आठवड्यात कॉलेजसाठी इंदूरला जाते आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मी जळगावला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला जे दिलं होतं तेच तिला द्यावं, असं माझ्या मनात होतं. चांदीचं प्रूफ नाणं, हौशी लोकांसाठी आरशासारखी झिलई देऊन वेगळं पाडलेलं, बाजारात कधी न फिरलेलं. मोबाइलवरून एका विक्रेत्याकडे मागवलं. आलं तेव्हा पॅकिंग बघून तुमची आठवण झाली. बाहेर जाड पुठ्ठा, आत फोम, त्यात मखमली डबा, डब्यात नाण्याच्या मापाची पारदर्शक गोल डबी. कुठे कोपरा दबलेला नाही, चिकटपट्टी उचकटलेली नाही. आणि तरीही काठाजवळ मोहरीहून लहान असा पांढुरका ठिपका. खिडकीशी नेऊन पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, टॉर्च मारून पाहिलं. ठिपका डबीला आतून लागलेला आहे, मखमलीचा तंतू आहे, की नाण्यावरच आहे, काही केल्या ठरेना. नाण्यावरचा असला तर तो जात नाही, उलट वाढतो, असं मी वाचलं होतं. डबी उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि विक्रेत्यानं लिहिलेलं, ‘मॅडम, डबी खोली तो रिटर्न नहीं होगा.’ परत करायची मुदत आज संपत होती.

कोऱ्या नाण्यासाठीची तुमची धडपड मला तेव्हा नीटशी कळली नव्हती. तुम्ही केळीचे व्यापारी. निंबोला गावच्या शेतांतून घड उतरवून घ्यायचे, स्टेशनवर वॅगनमध्ये पाला अंथरून भरायचे आणि दिल्लीला पाठवायचे. केळीच्या चिकाचे डाग तुमच्या प्रत्येक सदऱ्यावर. आई म्हणायची, “एक तरी सदरा कोरा ठेवा हो, लग्नाकार्याला जायला.” तुमची बोटं काळवंडलेली, तुमच्या खिशातली नाणीसुद्धा चिकट होऊन घरी येत. अशात दिल्लीच्या एका आडत्याच्या बैठकीत तुम्ही काचेच्या डबीतलं प्रूफ नाणं पाहिलंत. त्यानं हात लावू दिला नाही. घरी येऊन तुम्ही ज्याला त्याला सांगत होतात, “त्याच्यात माझं तोंड दिसलं!” त्यावर आई, “मग आरसाच घ्यायचा होता. स्वस्त पडला असता.” पण माझं जळगावचं ठरलं तसं तुम्ही त्याच आडत्याकरवी मुंबईच्या एका दुकानातून नाणं मागवलंत. मला म्हणालात, “आपल्या घरात सगळं हाताळलेलंच येतं. तुला एक कोरं देतो.”

ते आणायला मी तुमच्यासोबत आले होते. कुरिअरचं दुकान म्हणजे दोन कपाटांच्या मधली जागा. काउंटरवरचा धिप्पाड माणूस वही पुढे सरकवतो, “सेठ, पहले साइन.” तुम्ही पेन हातात घेत नाही. पार्सल उचलून कानाशी हलवता. आत काहीतरी वाजतं. “कोपरा दबला आहे. ओपन डिलिव्हरी द्या.” रेल्वेचा तो नियम तुमच्या अंगात मुरलेला. माल खराब आलेला दिसला की बाबूसमोर उघडायचा, तपासायचा आणि मगच सही. तो माणूस हसतो. “अरे सेठ, ये केले का वैगन थोड़ी है!” बाकावर बसलेले दोघेही हसतात. तुम्ही हसत नाही. “केळी असती तर वासावरून सांगितलं असतं बा. हे बंद डब्यात आहे. उघडल्याबिगर मी कसं सांगू?”

शेवटी ब्लेडनं पट्टी कापली जाते. गोल डबीचं झाकण वाटेत निघालेलं आहे, नाणं मखमलीवर सैल पडलेलं. तुम्ही ते उचलता, केळीची फणी तपासावी तसं, पूर्ण पंजानं. दारात उन्हात नेता, उलटं करता, सुलटं करता. “दिखाओ तो सही,” म्हणत काउंटरवाला घेतो. मग बाकावरचे दोघे. त्यातला एक नाण्यात बघून मिशीवर बोट फिरवतो. सगळ्यांचं एकमत होतं, तेव्हा तुम्ही म्हणता, “माल बरोबर आहे,” आणि सही करता. रस्त्यावर येऊन नाणं माझ्या हातावर ठेवता. “धर. कोरं आहे.”

घरी डब्याच्या तळातून एक इंग्रजी कार्ड निघालं. मी वाचून सांगितलं, नाण्याला बोट लावू नये, लावायचंच तर हातमोजे घालून फक्त कडेनं धरावं. तुम्ही एकदम भडकलात. “ही सूचना तळाशी? वॅगन भरून झाल्यावर पाला अंथरायला सांगतात का कोणी!”

दिवाळीला मी जळगावहून आले तेव्हा घरी ठेवलेल्या नाण्यावर ठसे उमटले होते. तपकिरी, रेघारेघांचे, आरशावर उमटतात तसे. पण हे पुसले जाणारे नव्हते. आई म्हणाली, “आणा इकडे, चिंच लावून घासते. देवाची भांडी कशी लख्ख निघतात!” तुम्ही हात मागे घेतलात. “नको. घासलं की आरसा जाईल.” ओट्याशी उजेडाला उभे राहून तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, “घडावर दाब बसला की भरताना दिसत नाही. दिल्लीत पिकल्यावर काळं पडतं. तसंच झालं हे.” मी म्हटलं, “अप्पा, दुकानदाराला लिहू. झाकण वाटेत निघालं होतं, पॅकिंग कच्चं होतं, त्यानं बदलून द्यायला पाहिजे.” तुम्ही मला क्वचितच रागावत होतात. तेव्हा रागावलात. “आपण उघडून पाहिलं, बरोबर आहे म्हणून सही दिली. आता क्लेम कसला? कॉलेजात हेच शिकवतात का?” जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, “तुला कोरं द्यायचं होतं. तेवढं राहिलं.”

ते वाक्य मी अनेकदा आठवलं आहे. नात जाण्याआधी तिला निर्दोष नाणं मिळावं यासाठी माझा जो आटापिटा चालला होता, तो तिच्यासाठी होता की तुमचं राहिलेलं भरून काढायला, मला सांगता येत नाही. ती मात्र सकाळपासून माझी चेष्टा करत होती. “मम्मी, किती टॉर्च मारशील? आंधळं होईल ना बिचारं!” मी अडचण सांगितली. ती म्हणाली, “मग खोल ना. डाग निघाला तर राहू दे. मला कुठे प्रदर्शन लावायचं आहे?” मी डबीच्या फटीत नख घातलं होतं, अप्पा. थोडा जोर दिला असता तर उघडलीही असती. पण तुमची सही आठवली. उघडून बघितलं की मग तक्रार नाही. नख काढलं आणि कपाटातून तुमचं नाणं आणून तिला सगळं सांगितलं.

तिनं ते कुणी न सांगता कडेनं धरलं. खिडकीशी नेलं. “यातला आजोबांचा कुठला?” मी लगेच दाखवला, “हा. काठाजवळचा, मोठा अंगठा.” तिनं त्याच्यावर आपला अंगठा न टेकवता धरून पाहिला. तिचा त्यात सहज मावत होता. मग नाणं माझ्या हातात देऊन म्हणाली, “नवीन वालं परत पाठव. पूरे पैसे दिलेत, मग डागवालं का घ्यायचं? आणि चांगलं आलं की पहिला हात मी लावणार. तू ते हातमोज्यांचं भाषण द्यायचं नाही.”

दुपारी कुरिअरवाला आला. पॅकिंग शाबूत आहे एवढं बघून घ्या, असं मी त्याला दोनदा म्हटलं. “मॅडम, हम सिर्फ उठाते हैं, देखते नहीं,” म्हणत तो जिना उतरलाही. दुसरं नाणं येईल तोवर ती इंदूरला गेलेली असेल. दिवाळीला आली की उघडेल. तिला मी रिकाम्या हातानं पाठवते आहे, हे मला लागतं आहे. तिला लागलेलं दिसत नाही.

एक सांगायचं राहिलं. काठाजवळचा तो ठसा इतकी वर्षं मी तुमचा मानत आले, कारण तो सगळ्यांत मोठा आहे. पण त्या दिवशी नाणं काउंटरवाल्याच्या हातात गेलं होतं, बाकावरच्या दोघांच्या हातात गेलं होतं, आणि काउंटरवाल्याचा पंजा काही तुमच्याहून लहान नव्हता. लेकीनं विचारलं तेव्हा मला ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. मी क्षणभरसुद्धा थांबले नाही.