सरपंचाच्या दारातली पहिली सायकल

मोरगाव अर्जुनी
ता. २० फेब्रुवारी २०११

सुशीला, तुले लीलाबाईचा सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही सगळे मजेत आहो. तुम्ही बी मजेतच असाल. अक्षर पाहून हसू नको, तू तिसरीपर्यंत गेली अन् मी दुसरीतूनच म्हशीमागं गेली, हे तुले ठाऊक आहे. सून म्हणे, आई, मी लिहून देतो. मी म्हटलं, नाई, हे पत्र माझ्याच हातचं पाह्यजे.

औंदा लाखोरी चांगली आली. तिच्या पाल्याची भाजी वाळवून ठेवली आहे. तुले आवडते म्हणून आठवण आली, पण पाठवत नाई.

तुमचा भाचा घनश्याम तुझा निरोप घेऊन आला होता. खाटेवर बसला, दोनदा च्या प्याला, म्हणे, "मामी, झालं गेलं विसरा, सुशीलामामी म्हणते हर्षाची अन् प्रफुलची सोयरीक पुन्हा जुळवू. पोट्टी पेपरात आली, फोटो मामीनं कापून ठेवला आहे." मी म्हटलं, पत्रानं जवाब देतो. तोच देऊन राहिली. पण आधी सायकलीचं ऐक, तू अर्धंच पाहिलं.

सिकलसेलच्या लेकरांले रक्त चढवाले नागपूरले नेतात, तर मायबापाले राहाले जागा नसते. त्या खोल्यांसाठी वर्गणी म्हणून गोंदियाहून नागपूरपर्यंत सायकली निघाल्या. खेमराज गुरुजीनं सगळं जमवलं. आमची हर्षा दिवाळीपासून रोज पहाटे सडकेनं सायकल हाणे. लोक म्हणत, काऊन वं लीलाबाई, नातीनीले पोस्टात लावली का? मी म्हणे, हो, एक निरोप पोचवाचा आहे.

मी बी गेली ना संग. केळाच्या टेम्पोत, डायव्हरच्या बाजूले. भैय्यालाल नावाचा डायव्हर, गोंदियाचा, सारा हिंदी बोले. "अम्मा, खिडकी से मत लटको." मी लटकलीच. थंडी अशी का कान गेले, पण हर्षाची पाठ दिसाले पाह्यजे ना. गोरेगाव मागं पडलं अन् ती सगळ्यांच्या पुढं निघाली.

आता एक गोष्ट सांगतो. तुमच्या गावी थांबा ठरला तो मीच ठरवला. गुरुजी म्हणत होता, कोहमाऱ्याले थांबू, हॉटेल आहेत. मी म्हटलं, सरपंचाच्या दारात थांबा, त्याची माय मोठी मानाची बाई आहे, पहिल्या सायकलीले तिच्या हातचा हार पाह्यजे.

अन् तू आली हार घेऊन. जरीचं पातळ नेसून. पहिली सायकल थांबली, डोक्यावर ते सायकलवाल्यांचं टोपलं, अंगावर धूळ. तू ओळखलंच नाई. गळ्यात हार घातला, गालावरून हात फिरवला, म्हणे, "शाबास माय, कोणाची वं तू?" तिनं टोपलं काढलं. "लीलाबाईची नातीन."

तुझा हात तिच्या गालावरच राहिला, सुशीला. मी टेम्पोतून पाहिलं. भैय्यालाल म्हणे, "अम्मा, हँस क्यों रही हो?" त्याले काय सांगू.

त्याले सांगाचं तर हर्षा-प्रफुलच्या साक्षगंधापासून सांगा लागलं असतं. आमच्या दारात मांडव, पंगत उठलेली, हर्षा नव्या पातळात बसलेली. तुम्ही तिचं रक्त सिकलसेलसाठी तपासाले लावलं होतं, तिनं तपासून घेतलं, स्वतःच सांगितलं का मी अर्धी आहो. अर्धी म्हणजे आजारी नाई, डॉक्टरनं समजावलं होतं. तुमच्या प्रफुलले तपासा म्हटलं तर तू म्हणे, "आमच्या पोट्ट्याले कायले?" अन् भर मांडवात उभी राहून म्हणे, "अर्ध्या रक्ताची पोट्टी, धानाच्या बांधीपर्यंत चालली तर चक्कर येऊन पडल. आमच्या घरात रोग नाई आणाचा."

दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी विसरली असती. पण माझा लेक अतुल रात्रभर हातपाय दुखून रडे तेव्हा त्याचे पाय दाबाले तूच बसे ना वं. तो गेला तेव्हा तुझ्याच मांडीवर होता. त्या रोगाचं नाव तेव्हा आपल्याले माहीत नव्हतं. नाव माहीत झालं अन् तू ते माझ्याच घरावर फेकलं.

असो. हर्षा नागपूरले पोचली. दीक्षाभूमीवर माथा टेकला, मग दोन डबे जेवली.

आता तुझा जवाब. थांब्यावर शाळेत रक्त तपासणी होती. सरपंचाच्या घरून सुरुवात करा, असं बी मीच सुचवलं होतं. प्रफुलनं सगळ्यांच्या आधी बोट पुढं केलं. तू टाळ्या वाजवल्या. त्याले मागून मोठ्या तपासणीले गोंदियाले बोलावलं, हे त्यानं तुले सांगितलं नाई.

परवा तो आमच्या दारात आला. गाडीवरून उतरला, पायरीवरच बसला. "आजी, मी बी अर्धाच आहो." हर्षानं पाणी दिलं. म्हणे, "काही होत नाई रे अर्ध्याले. अर्ध्यानं अर्धी बायको करू नये एवढंच, लेकरू भोगते." त्यानं मान हालवली. मग मले म्हणे, "घरी सांगाची हिंमत नाई होत. तुम्हीच सांगा ना आजी."

पाह्य सुशीला, तुझ्या नातवानं मलेच सांगाले लावलं. मी काही वरून जोडलं नाई.

तर सोयरीक नाई. पोट्टा गुणाचा आहे, त्याच्यावर राग नाई. पण त्याच्यासाठी जिथं जिथं पोट्टी पाहाले जाशील, तिथं मांडव पडाच्या आधी तुलेच तोंडानं सांगा लागल, "आमचा पोट्टा अर्ध्या रक्ताचा आहे, तुमची पोट्टी तपासून घ्या." नाई सांगितलं तर एखाद्या घरी पुन्हा अतुल होईल, अन् तुझ्यासारखी पाय दाबाले मी येणार नाई.

मी गावात कोणाले बोलणार नाई. बोलाचं काम तुझं आहे. पोट्टी पाहाले जाशील तेव्हा मले फक्त बोलावणं धाडजो, मी मागं बसून ऐकीन.

तुझी बालपणची मैत्रीण,
अर्ध्या रक्ताच्या पोट्टीची आजी,
लीलाबाई