पिवळी जर्सी

आई,

आधी हे वाच: मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो, फक्त तुझ्या गंबो रश्शाची सर इथे कॉलेजात कशालाच नाही. गुडघा दुखत नाही. जिना उतरताना थोडा दुखतो, पण मैदानात जिने नसतात.

तू कोचना गुपचूप फोन केलास, हे मला कळलं. डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं, तरी माझ्या अंगावर पिवळी जर्सी का, ते तेव्हा समजलं. फुटबॉलच्या सरावात पिवळ्या जर्सीवाल्याला कुणी धडकायचं, पाडायचं नसतं. मी चेंडू झेलायचो आणि सगळे बाजूला व्हायचे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे महिने मी फुकट घालवले नाहीत. खुर्चीत बसून रोज दोनशे चेंडू झेलले. आता डावा हातही उजव्याइतका पक्का आहे.

मंगळवारी मी ती जर्सी काढली. माझा रूममेट जकोबी बचावफळीत खेळतो. त्याला म्हटलं, "ये, पाड मला."

"तुझी आई मला जिवंत सोडेल का रे?"

"आधी मला पकडून तर दाखव!"

त्याने मला असं आपटलं की तोंडात गवत आलं. चेंडू सुटला नाही. कोच थिबोडो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शनिवारी खेळशील. आईला तूच सांग."

म्हणून सांगतो आहे. विचारत नाही.

तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? शनिवारी सामना बघताना जनेसाताईला शेजारी बसव.

जर्सी धुऊन सोबत पाठवली आहे. भेंडीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घाल. त्याला कुणी धडकत नाही.

तुझा हट्टी,
लामार