बुटातला नट

मंगळवार, दिवेलागण

हे वाळूजच्या कारखान्यातून ड्यूटी करून आले. बूट काढला तर आतून लोखंडी नट घरंगळला. मोजा रक्तानं चिकटलेला. म्हटलं, "अहो, दिवसभर टोचला नाय का?" तर हसले. "नाय ना! बघ, काढा लागू पडला."

शुगरमुळं यांच्या तळपायाची लई आग व्हायची. यांनी पाचोडच्या बाजारातून काढा आणला अन् गोळ्या आपल्या मनानंच बंद केल्या. आग थांबली. मलाही वाटलं, देव पावला. जांभळाच्या बियांची पूड रोज मीच कुटून देते. भात बंद, साखर बंद. आणि आज हा नट.

मेंढरांमागं अनवाणी हिंडलेले पाय हे. तरी बाभळीचा काटा रुतला की आईच्या नावानं ओरडायचे. मग आज एवढ्या नटावर दिवसभर उभे कसे राहिले?

पाय धुताना मी मुद्दाम अंगठ्यात नख रुतवलं. जोरात. हे सांगत होते, "रविवारी काढ्याची अजून एक बाटली आणू." बोलणं जरासुद्धा अडखळलं नाही.

उद्या दवाखान्यात न्यायचंच. पण बरं वाटणाऱ्या माणसाला कसं न्यायचं?

नट मुठीत धरून लिहितेय. मला टोचतोय.