माणसाळलेली पिल्लं

वडीगोद्री, ३ जून १९४६

तुझ्या माशांनी माझा रांजण नासवला, ते आधी ऐक. डासांची अंडी खातेत म्हणून डबाभर पिल्लं धाडलीस. आता पाण्यावर शेंबडासारखी साय आली अन् जवळून गेलं तरी घाण वास मारतो. असो. चि. भुजंगास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी काकू साळूबाई मात्र खूश. पुण्य म्हणून रोज कणकेच्या गोळ्या टाकती. म्हणती, पिल्लं माणसाळली. आधी सावली पडली की तळाला पळायची, आता बोट लावलं तरी हलत न्हाईत. मला तर बघून किळस येती. तोंड वर करून लोंबकळून राह्यलीत, शेपटीला बुरशीवाणी पांढरं. येत्या सोमवारी विहिरीत सोडायचीत, अन् तेच पाणी सारा गाव पितो. सोडू का न्हाई, बराबर कळव. माया राहू दे, पण उत्तर आधी दे.

हैदराबाद, ७ जून १९४६

ती. आजीस भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

पिल्लं माणसाळली नाहीत, आजारी आहेत. कणीक कुजली, पाणी बिघडलं, त्यातले सूक्ष्म जंतू त्यांच्या अंगात शिरले. धडधाकट पिल्लू सावलीला भितं. जंतू लागले की ते खाणं सोडतं, धोका ओळखत नाही, वरच तरंगत राहतं. विहिरीत बिलकुल सोडू नकोस. मरून पाणी सडवतील. मी काम करतो त्या हिवताप खात्याच्या डॉक्टरांचंही हेच म्हणणं. काकूला बोलू नकोस, गोळ्या घालू नका हे लिहायला मीच विसरलो. लोभ आहेच, तो वाढावा.

वडीगोद्री, १२ जून १९४६

तुझं पत्र मंगळवारी आलं, पिल्लं सोमवारीच विहिरीत गेल्ती. चि. भुजंगास आशीर्वाद. साळूबाईनं न्हाई, मी माझ्या हातानं ओतली. घरातली घाण जाईना म्हणून घाई केली. शिव्या मला दे.

आज पोटं वर करून तरंगून राह्यलीत. पोहरा ओढला की बुळबुळीत काहीतरी हाताला लागतं. थू! कुणी पाणी भरू नये म्हणून विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकून मी बसले. प्यायला ओढ्याच्या वाळूत झिरे खणा म्हणलं, तर शेजारची द्वारकाबाई म्हणती, म्हातारीला विहीर एकटीला पाहिजे. रामराव पाटील म्हणाले, नातवाच्या कागदावर गाव तहानलेला ठेवू का? डॉक्टरचा कागद आणा, मंग विहीर उपसू. दोन दिवस थांबतो म्हणाले, मंग काट्या काढणार. म्हणून हे पत्र टपालात न टाकता गड्याच्या हाती गाडीनं धाडते.

साळूबाई भाकर इथंच आणून देती. आमच्यावरची माया पातळ करू नकोस. आता मला पत्र लिहू नकोस, अन् पाटलालाही तू लिहू नकोस. डॉक्टरनं लिहावं, पाटलाच्या नावानं, सही-शिक्क्याचं. अन् ते घेऊन हाच गडी मिळेल त्या गाडीनं परत निघू दे.