इनायत का आला नाही

१७ जानेवारी २०२६, शनिवार

एकाच गोष्टीवर आज दोन थापा मारल्या — दोन ठिकाणी. दोन्ही खपल्या!

इनायतला म्हणालो, "प्रयागच्या ट्रिपला तू नको. पॅसेंजर कुरकुरतायत. दिवस कसले आलेत, बघतोस ना." आणि पॅसेंजरांना फोन करून सांगितलं, "इनायतभाई स्वतःच नको म्हणाले. मेळ्यातली गर्दी नको वाटते त्यांना."

खरं म्हणजे पॅसेंजरांतलं कुणी हूं का चूं केलं नव्हतं. कामशेत स्टेशनाबाहेर चहा पीत होतो, मागच्या बाकावर दोन अनोळखी पोरं — "देवाची गाडी, अन् ड्रायव्हर मुसलमान!" आमच्याच गाडीबद्दल होतं का, तेही माहीत नाही. पण माझे कान तिखट. भुशी धरणावर कणसं भाजायचो तेव्हा गिऱ्हाईक गाडीपर्यंत पोचायच्या आत त्याचं बोलणं ऐकून भाव ठरवायचो. त्याच कानांवर तीन बस उभ्या केल्या. या वेळी कानांनी भीती आणली, आणि मी गिऱ्हाईक तुटू नये म्हणून माणूस तोडला.

तोही कुठला माणूस? ज्यानं मला स्टिअरिंग धरायला शिकवलं तो.

"कोण कुरकुरलं?" एवढंच विचारलं त्यानं.

"नावं कशाला?"

"बरं." मग जाताना, "नंदामावशीला पुढची सीट दे, कैलास. मागं तिची कंबर धरते."

२० जानेवारी

निघालो. बस काल इनायतनं धुऊन, टायर बघून ठेवलेली. मी सांगितलं नव्हतं.

आंबीच्या फाट्यावर नंदामावशी आणि तिचे यजमान मारुतीआबा चढले. मावशीनं पायरीवरूनच ड्रायव्हरच्या सीटकडं पाहिलं. तिथं पवन — नवा.

"इनायत कुटं? फोनवर बोललास ते मला खरंच न्हाई वाटलं."

"तोच नको म्हणाला, मावशी."

"असं कसं? दिवाळीत माझ्या वट्यावर बसून करंज्या खाल्ल्या त्यानं. 'मावशी, तुमची वेणी प्रयागला मीच पोचवणार,' म्हणला!"

मी हसलो. धंद्यातलं हसू. ते माझ्याकडं कायम तयार असतं.

२१ जानेवारी

पवनला गतिरोधक दिसत नाहीत. प्रत्येक आदळ्याला मारुतीआबा, "इनायतला कळायचं रं, मागं म्हातारी माणसं हायती!"

आबा सीटच्या दांडीला दोरी बांधून वेणी घालायला शिकतायत. संगमावर वेणीदान करायचं — नवऱ्यानं बायकोची वेणी घालायची, टोक कापायचं, ते पाण्यात सोडायचं. मावशीची चाळीस वर्षांची हौस.

"माझे केस हायती, बैलाचा कासरा न्हाई! जरा हलक्या हातानं."

सगळी बस हसली. मीही. मग आरशात बघितलं तर मावशी हसत नव्हती.

२३ जानेवारी, वसंत पंचमी. प्रयाग

पोचलो. बस लांब उभी करावी लागली. पुढं रेती, पिंपांवरचे पूल, माणसं, धूर, भोंगे. मावशीचे गुडघे बोलत होते. तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "तू हायेस म्हणून आले बाबा." इतका जड हात आजवर खांद्यावर पडला नाही.

नावेतून संगमाला गेलो. यमुनेचं पाणी हिरवट, गंगेचं मातकट, मध्ये काठ शिवल्यासारखी रेघ. आम्ही इंद्रायणीच्या खोऱ्यातली माणसं — एवढं मोठं पाणी बघून सगळ्यांचे हात आपसूक जोडले गेले. पांढरे पक्षी तेवढे शेवेसाठी भांडत होते.

गुरुजी मराठी जाणणारे होते. "आजोबा, पत्नीला पुढ्यात घ्या."

मावशी लाजली! सत्तरीची बाई — पदर तोंडाला. "लोकं बघत्यात."

"बघू दे की," आबा म्हणाले. "लग्नात तरी कुटं धड बघितलं होतं मी तुला."

आबांनी दोरीवर शिकल्याप्रमाणे पेड घातले. वेणी वाकडी झाली. मावशीनं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "झाक झाली." आबांनी टोक कापलं. पाण्यात सोडलं. बुडालं. मावशीनं हात जोडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते.

मग स्नान. गुरुजी म्हणाले, मनात जे असेल ते इथं सोडा. मी नाक धरून तीन डुबक्या मारल्या. सोडायचं काय ते ठाऊक होतं, पण ते गंगेला सांगून काय उपयोग? ते कामशेतला सांगायचं होतं.

परत येताना मावशी आबांच्या कानाशी कुजबुजली. माझ्या कानांना काय, कुजबूज आणि भोंगा सारखाच. "इनायत उगं मागं सरणारा न्हाई. दिवाळीला माझ्या तोंडून कायतरी वाकडं गेलं असंल का हो?"

ती स्वतःची चूक शोधतेय!

तेव्हाच बोलायला हवं होतं. नावेत जागाच जागा होती.

२४ जानेवारी

परतीची वाट. मावशीचा सूर एकदम फिरलाय. मी आपला म्हटलं, इनायतसाठी थोडा प्रसाद घेऊ या. "त्याचं नाव नको काढू माझ्यापुढं."

२६ जानेवारी

पोचलो. इनायत यार्डात दुसऱ्या बसचं काम करत होता. मावशी समोरून गेली, मान वळवून. त्यानं पान्हा खाली ठेवला, बघत राहिला, परत उचलला.

मला वाटलं, विचारेल. नाही विचारलं.

२९ जानेवारी

इनायतच्या घरी गेलो. ठरवून. बोलायचंच.

हसिनावहिनींनी चहा दिला. "भाऊ, ह्यांना काय झालंय? जेवायला बसले की उठतायत."

मी बशीत बघत बसलो. इनायत ब्रेकबद्दल बोलला, पवनच्या क्लचच्या सवयीबद्दल बोलला. "पोरगा चांगलाय. शिकव त्याला." शिकव! मी!

चाळीस सीटा दोन दिवसांत भरणारी माझी जीभ — एक वाक्य निघालं नाही. चहा चांगला झालाय म्हणालो. साखर घालायची राहिली होती त्यात.

३० जानेवारी

रविवारी आंबीला मावंदं. गंगा घरी आली की तिची पूजा आणि गावजेवण. मावशीला विचारलं, इनायतला आमंत्रण?

"न्हाई. ज्याला आमच्यासंगं देवाला जायची लाज वाटली, त्याला माझं जेवान कशाला?"

पंचवीस वर्षं मावशीच्या ओट्यावर हक्कानं बसणारा माणूस. मी दोन फोन केले आणि ओटा बंद झाला.

३१ जानेवारी

उद्या मावंदं. अजून नाही सांगितलं.

१ फेब्रुवारी

सांगितलं. पंगत बसायच्या आधी, चुलीपाशी. मावशीच्या हातात पुरणाचं पातेलं होतं.

चिडेल वाटलं होतं. तिनं उलट मलाच विचारलं, "मग तो मला तसं का बोलला?"

"कधी?"

संगमावरून परतल्यावर, ओल्या केसांनिशी, तिनं त्याला फोन केला होता. का आला नाहीस रे? कैलास म्हणतो, तूच नको म्हणालास. आणि इनायत म्हणालेला, "माझंच मन न्हाई झालं, मावशी. कैलासचा दोष न्हाई."

म्हणजे त्या दिवसापासून त्याला सगळं कळलेलं. माझं खोटं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मावशीच्या शिव्याही.

मावशीनं पातेलं खाली ठेवलं. "गाडी काढ."

कामशेतला इनायतच्या दारात गाडी थांबवली. ती आत गेली. मला कुणी ये म्हटलं नाही, गाडीतच बसलो. आतून आधी मावशीचं ओरडणं, मग दोघांचं रडणं, मग हसिनावहिनींचं हसू. मग इनायत बाहेर आला, माझ्या बाजूचं दार उघडलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"सरक तिकडं," म्हणाला. "मावशीला मी नेतो."