माळावरचा पाला

प्रिय माय,

मी चौसाळ्यात आहे. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. तुझं पत्र आज सकाळी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मिळालं. वाचून तसाच निघालो आणि इथे उतरलो. आपल्या दूध सोसायटीची गाडी घेऊन हरिबा इथे पेंडीची पोती भरायला आला आहे. हे पत्र तो नेईल. पहाटे डेअरीवर गहिनीनाथच्या हातात देईल, आणि गहिनीनाथ नेहमीसारखं तुला वाचून दाखवील. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. 'आसाराम, जोंधळ्याचं धसकट पायात गेलं. चार दिस झाले. समदे म्हणत्यात सुई घे. मी घेणार न्हाई. ह्या हातानं सटवा मातीत घातला, आता पायाचं व्हायचं ते होऊ दे. तू येऊ नको, गळीत चालू हाय.' तू बोललीस तसंच गहिनीनाथने लिहिलं आहे. सटवा त्याचा सख्खा थोरला भाऊ. भावाच्या नावाची ती ओळही त्याने सरळ अक्षरात लिहिली. खाली, तुला न वाचून दाखवता, त्याने स्वतःची एक ओळ घातली आहे: काकू ऐकत नाहीत. आमच्या घरात कोणाच्या मनात काही नाही, हे तू तरी त्यांना सांग.

पत्र आलं तेव्हा माझ्या एका हातात चिमटा होता. समोर ऊसतोडीवरच्या एका बाईचा कोयत्याने कापलेला अंगठा होता. चिमटा खाली पडला. मी तो उचलला आणि तसाच जखमेकडे नेला. डॉक्टर ओरडले. पाच वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती. त्यांनी चिमटा काढून घेतला आणि म्हणाले, घरी जा.

मला वाटायचं, लोक बोलले म्हणून तू जखमेवर पाला बांधून द्यायचं थांबवलंस. वच्छलाबाईच्या हाताचं यश गेलं असं म्हणत होते, ते मीही ऐकलं होतं. तू खल धुऊन माळवदावर ठेवून दिलास. लोक विसरतील आणि तूही विसरशील, असं मी धरून चाललो. तू सटवाला स्वतः मारलं असं समजून पाच वर्षं भाकरी खातेस, हे मला आज कळलं. दुसऱ्याने लिहिलेल्या अक्षरात.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुला वाटतं तो तुला माहीत आहे. तुला तो निम्माच माहीत आहे.

दुष्काळाचं साल. आपली सगळी वाडी पाझर तलावाच्या कामावर होती, तिथे मजुरी आणि खायला सुकडी मिळायची. मला सोसायटीच्या गुरांच्या छावणीत काम लागलं होतं, हौद भरायचं. चैत्र संपत आला होता आणि टँकर चार दिवसांतून एकदा यायचा. सकाळी सटवाचा टिकाव दगडावरून सरकला आणि पायाच्या पंजावर बसला. हाडापर्यंत गेला. चौघांनी त्याला उचलून आपल्या ओट्यावर आणलं. धारूरच्या दवाखान्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. येणार कशाला? बाभळीच्या काट्यापासून विळ्याच्या वारापर्यंत सगळं तुझ्याकडेच यायचं, आणि तुझ्या हातची जखम कधी चिघळली नव्हती. सटवा रक्तात होता तरी बोलतच होता. 'काकू, पाय ऱ्हाऊ द्या जागेवर. सुकडीच्या रांगेत हुबं ऱ्हायला लागतंय.' मी म्हणालो, 'टिकाव दगडावर हाणायचा आस्तो बे.' तो म्हणाला, 'दगूड सरकला, माझा काय गुन्हा?' तू त्याच्या मांडीवर चापट मारलीस आणि फडकं घट्ट बांधलंस.

मग मला सांगितलंस, कंबरमोडी घेऊन ये. देवीच्या माळावरून आण. वाटेवरची नको. जनावर बसतं, मुततं तिथली तर अजिबात नको. हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. तुझ्या सासूने तुला सांगितलं, तू मला. का, हे तिने सांगितलं नाही आणि तुलाही ठाऊक नव्हतं. मी मॅट्रिक झालो होतो. मला ते सोवळ्यासारखं वाटायचं. पाला तो पाला. माळावर उगवला काय आणि उकिरड्यावर उगवला काय, रस तोच.

माय, मी माळावर गेलो नाही.

छावणीपर्यंत गेलो. ऊन असं होतं की दगडावर पाय ठरत नव्हता. माळ कोसभर लांब, आणि तिथे काही हिरवं उरलं असेल याची खात्री नव्हती. छावणीत हौदाचं पाणी सांडायचं. त्या ओलीवर, शेणामुताच्या चिखलात, गुडघाभर कंबरमोडी माजली होती. पिवळी फुलं देठावर डोलत होती. अख्ख्या शिवारात तेवढंच हिरवं होतं. मी लगेच तोडली नाही. लगेच परतलो असतो तर तुला कळलं असतं. म्हणून बाभळीखाली झोपलो. दोन तास. माळावर जाऊन यायला लागला असता तेवढा वेळ. तिकडे सटवा ओट्यावर पडला होता. उठलो, ओंजळ भरून पाला तोडला आणि फडक्यात बांधून आणला.

तू विचारलंस, 'माळावरचाच न्हवं?' मी हो म्हणालो. तू पानं हातात घेतलीस आणि म्हणालीस, 'यंदा माळावर इतका हिरवा?' मी म्हणालो, कपारीत होता, सावलीला. कपारीचं मला कोणी विचारलं नव्हतं. घरात तांब्याभर पाणी होतं. एरवी तू पाला तीन पाण्यांनी धुवायचीस. त्या दिवशी अर्ध्या तांब्यात एकदाच धुतलास. उरलेला अर्धा तांब्या मला दिलास, लेकरू उन्हात दोन कोस चालून आलं म्हणून. मी तो प्यायलो.

पुढचं तू पाहिलंस. तू पाला खलात वाटलास, रस पिळलास, हळद घातलीस, चोथा वर दाबून बांधलास. सटवा ओरडला, 'पाला हाय का मिरची?' रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. सहाव्या दिवशी जखमेची तोंडं मिळाली. इतकी सुंदर की तलावावरचे लोक बघायला येऊन गेले. सटवा चपला घालून दारात आला आणि म्हणाला, 'काकू, आता दुसऱ्या पायावर मारून घिऊ का?' तू हसलीस. तुझं तसं हसणं मी त्यानंतर पाहिलं नाही.

आठव्या दिवशी त्याला तोंड उघडेना. त्याची बायको, छबुवहिनी म्हणाली, भाकरी चावता येत नाही, थंडी भरली असेल. तू तेल कोमट करून जबड्याला लावलंस. संध्याकाळी मान ताठली. रात्रीतून पाठ अशी वाकली की टाच आणि डोकं तेवढं जमिनीला टेकलेलं. कामावरच्या ट्रकमधून त्याला अंबाजोगाईला नेलं. तिथे अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दार करकरलं तरी त्याचं अंग कमानीसारखं उठायचं. शुद्धीवर होता. सगळं कळत होतं, बोलता येत नव्हतं. एवढं बोलणारा माणूस. तिसऱ्या दिवशी गेला. तू दाराबाहेर तीन दिवस भिंतीला टेकून बसली होतीस, आणि मी तुझ्या शेजारी.

तेव्हा मला काही माहीत नव्हतं, एवढं तरी मान. धनुर्वात झाला, नशीब, असंच मीही समजलो. पाल्याचं खोटं मला तेव्हा चोरीएवढं वाटलं, खुनाएवढं नाही.

ते मागच्या गळिताला कळलं. शिरूर कासारकडच्या ऊसतोड टोळीतला एक म्हातारा बोट बांधून आला. डॉक्टरांनी फडकं सोडलं, आत वाटलेला पाला. मला वाटलं आता शिव्या घालतील. त्यांनी हुंगला आणि म्हणाले, कंबरमोडी आहे, वाईट नाही. हिने रक्त थांबतं, काही जंतूही मरतात. कॉलेजात असताना त्यांनी कोणाला काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यावर हिचा रस घालताना पाहिलं होतं. रसाच्या थेंबाभोवती बशी स्वच्छ राहिली होती. मला बरं वाटलं. तुझी आठवण आली. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, कुठून तोडला? तो म्हणाला, कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या मागून, बैलांच्या तळावरून. डॉक्टर एकदम गंभीर झाले. सुई भरायला लावली. सुई देता देता मला शिकवत होते. धनुर्वाताचं बी शेणामातीत असतं. जनावरं बसतात तिथे फार. वर्षानुवर्षं सुकून पडून राहतं, एका पाण्याने धुऊन जात नाही. उघड्या हवेत ते वाढत नाही. खोल जखमेत गेलं आणि वरून जखम मिळाली की आत जागं होतं. त्यावर पाल्याचा रस पुरा पडत नाही, सुईच लागते.

चिमटे धुताना तुझं वाक्य आठवलं. जनावर बसतं तिथला नको. तुझ्या सासूचा तो नियम सोवळं नव्हता. तिला जंतू माहीत नव्हते. पण अशा किती जखमा मिळून किती माणसं गेली असतील, तेव्हा कुठे कोणा बाईच्या ध्यानात आलं असेल आणि तिने ते पुढच्या बाईला सांगितलं असेल. ते तुझ्यापर्यंत आलं. तू ते पाळलंस, म्हणून तुझ्या हातची जखम चिघळत नव्हती. माझ्यापाशी येऊन ते तुटलं.

डॉक्टरांना मी सांगितलं, एका मित्राचं असं झालं होतं. ते म्हणाले, टिकावाच्या मातीतूनही गेलं असेल, नक्की कोण सांगणार? मी वर्षभर त्या वाक्यावर जगलो. माती टिकावाला होतीच, पायालाही होती. पण खोल जखमेत ओंजळभर छावणीचा चिखल दाबला गेला, तो मी आणला होता. दिवाळीला आलो तेव्हा तुला सांगणार होतो. चार दिवस राहिलो आणि तुला पातळ देऊन परत गेलो.

हरिबा आत्ता येऊन गेला. म्हणाला, 'चल की बे, केबिनात जागा हाय.' मी म्हणालो, तू पत्र ने, मी सकाळच्या एस.टी.ने येतो. तो म्हणाला, 'आरं, माणूस हितं बसणार आन् कागूद फुडं जाणार? भांग घेतली का काय?' 

मी का येत नाही, ते सांगतो. पाय धरून हे सगळं तोंडाने सांगितलं असतं, तर तू ऐकून घेतलं असतंस आणि म्हणाली असतीस, लेकरू मला जगवायला खोटं बोलतंय. एकदा तुझ्यासमोर मी खोटं बोललो आणि तू खरं मानलंस. आता खरं बोलेन ते तू खोटं मानशील, आणि पाय तसाच फडक्यात बांधून बसशील. म्हणून हे कागदावर लिहिलं, आणि सटवाचा भाऊ ते तुला वाचून दाखवणार आहे. माय, तूच सांग. तुला फसवायचं असतं तर हे मी गहिनीनाथच्या तोंडून वदवून घेतलं असतं का? तुझ्या हाताने काही केलं नाही. तुझा हात जसा होता तसाच आहे. धसकट खोल गेलंय, वरून मिळालं असेल तर जास्तच वाईट. जखम उघडून धुवायला हवी, सुई घ्यायला हवी, उद्याच.

गहिनीनाथ, तू लोकांची पत्रं कशी वाचतोस ते मला माहीत आहे. वाईट ओळ आली की आवाज खाली आणतोस, कधी गाळतोस. ह्यातली एकही गाळू नकोस. बाभळीखालचे दोन तास गाळू नकोस. तुझ्या आवाजात ऐकलं तरच ती मानील. वाचून झालं की दूध भरून गाडी धारूरला निघते, तिच्यात तिला पुढे बसव आणि दवाखान्यात ने. मी दहाच्या एस.टी.ने फाट्यावर उतरतो आणि तिथेच थांबतो. तुला माझ्याशी जे करायचं असेल ते कर, छबुवहिनीला घेऊन आलास तरी चालेल. पण आधी तिला सुई.

तुझाच,
आसाराम